वॉल स्ट्रीटसाठी कॉलेज बदलायचं?

मार्चमधल्या एका शनिवारी संध्याकाळी भाचा घरी आला, तेव्हा मी पोह्यांना फोडणी देत होते. त्यानं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि एक तक्ता माझ्यासमोर सरकवला. अमेरिकेतल्या चाळीसेक विद्यापीठांची नावं होती आणि प्रत्येकाला एक रंग दिलेला. हिरवा म्हणजे ‘टार्गेट’, जिथे मोठ्या बँका स्वतः भरतीला येतात; पिवळा म्हणजे ‘सेमी-टार्गेट’, आणि लाल म्हणजे ‘नॉन-टार्गेट’, जिथे त्या येत नाहीत. त्याचं स्वतःचं रटगर्स, न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ, लाल रंगात होतं. तिथे प्रवेश घेऊन त्याला पुरते सात महिनेही झाले नव्हते.

“मावशी, मी चुकीच्या कॉलेजात आहे गं,” तो म्हणाला. “१ एप्रिलच्या आत एनवाययूला, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीला, ट्रान्स्फरचा अर्ज टाकायला हवा. आईला तू समजाव.”

पोहे तसेच राहिले. एकोणीस वर्षांचा मुलगा, पहिल्या सेमिस्टरला उत्तम गुण, दोन चांगले मित्र, एक आवडता प्राध्यापक. आणि तरीही सात महिन्यांत त्यानं स्वतःला लाल रंगात टाकून दिलं होतं. ‘मी चुकीच्या कॉलेजात आहे’ हे त्याचं वाक्य अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

हा प्रश्न एकट्या त्याचा असता तर लिहायला बसले नसते. न्यू जर्सीत एडिसनपासून प्लेन्सबरोपर्यंत आमच्या भागात जितकी मराठी घरं आहेत, तितक्या घरांत कॉलेजात जाणारं कुणी ना कुणी आहे. पूर्वी या मुलांना डॉक्टर किंवा सॉफ्टवेअर इंजिनिअर व्हायचं असे. आता अनेकांना इन्व्हेस्टमेंट बँकर व्हायचंय, म्हणजे कंपन्यांना भांडवल उभारून देणारे आणि त्यांच्या खरेदी-विक्रीचे सौदे ठरवणारे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आया हळूच बाजूला घेऊन विचारतात, पुण्याहून ओळखीचे फोन करतात: मुलगा अमुक विद्यापीठात आहे, तिथे म्हणे बँका येत नाहीत, दुसरीकडे बदलून घेऊ का?

माझं मत आधीच सांगून टाकते. केवळ इन्व्हेस्टमेंट बँकिंगची नोकरी लागावी म्हणून विद्यापीठ बदलू नये. दुसरं वर्ष संपल्यावर तर अजिबात नाही. पहिल्या वर्षानंतर बदलण्यात काहींचं भलं होऊ शकतं, पण ते ‘काही’ कोण, हे नीट पाहायला हवं. कारण मला विचारायला येणारी बहुतेक मुलं त्यांत नसतात.

मी स्वतः बँकर नाही. जर्सी सिटीतल्या एका बँकेत ऑपरेशन्स विभागात मी सतरा वर्षं काढली. सौदे ठरवणारे वेगळे, ते पार पाडणारे आम्ही. पण उन्हाळी इंटर्नशिपसाठी येणारे अर्ज पहिल्या फेरीत वाचायला निरनिराळ्या विभागांतली माणसं घेतात, त्या गटात मी गेली काही वर्षं आहे. त्यामुळे या दाराची एक बाजू मी आतून पाहिली आहे.

महाराष्ट्रात शिकलेल्या आईवडिलांना मुळात कॉलेज बदलणं ही कल्पनाच पचायला जड जाते. आपल्याकडे मधल्या वर्षी कॉलेज सोडलं म्हणजे काहीतरी बिनसलं असणार, असं लोक धरून चालतात. दाखला काढा, मायग्रेशन सर्टिफिकेट आणा, विषय जुळतात का बघा, एलिजिबिलिटीसाठी खेटे घाला. अमेरिकेत तसं नाही. इथे दोन वर्षं गावच्या कम्युनिटी कॉलेजात कमी खर्चात काढायची आणि उरलेली दोन मोठ्या विद्यापीठात, हा लाखो मुलांचा सरळ रस्ता आहे. बराक ओबामा लॉस एंजेलिसमधल्या ऑक्सिडेंटल कॉलेजातून कोलंबियात गेले, तेही असेच दोन वर्षांनी. त्यामुळे बदलण्याला माझा विरोध नाही. ज्या कारणासाठी ही मुलं बदलू पाहतात, ते कारण बदलण्यानं साधत नाही, एवढंच मला म्हणायचंय.

का साधत नाही, हे कळायला या नोकरीचं वेळापत्रक समजून घ्यावं लागतं.

मोठ्या बँका पदवीधरांना ‘ॲनालिस्ट’ म्हणून घेतात. पण पदवी झाल्यावर अर्ज करून आत शिरणारे थोडे. खरी भरती होते ती तिसरं वर्ष संपल्यावरच्या उन्हाळ्यातल्या दहा आठवड्यांच्या इंटर्नशिपमधून. काम पसंत पडलं तर ऑगस्टमध्ये ‘रिटर्न ऑफर’, म्हणजे पदवीनंतरच्या नोकरीचं बोलावणं, मिळते आणि चौथं वर्ष निवांत जातं. म्हणजे नोकरीचा दरवाजा हीच इंटर्नशिप. तिच्या मुलाखती दहा-बारा वर्षांपूर्वी तिसऱ्या वर्षाच्या जानेवारी-फेब्रुवारीत होत. मग एका बँकेनं दुसरीच्या आधी मुलं उचलायची म्हणून तारीख अलीकडे आणली, दुसरीनं त्याहून अलीकडे. असं होत होत २०२६च्या उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपचे अर्ज अनेक बँकांनी २०२४च्या डिसेंबरपासून २०२५च्या वसंतापर्यंत घेतले. उन्हाळ्याच्या दीड वर्ष आधी! तेव्हा तो विद्यार्थी दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर असतो आणि हातात जेमतेम तीन सेमिस्टरचे गुण असतात.

आता याच्या शेजारी ट्रान्स्फरचं वेळापत्रक ठेवा. एनवाययूची शेवटची तारीख १ एप्रिल, कॉर्नेलची १५ मार्च. निकाल मे-जूनमध्ये. नव्या कॉलेजात पाऊल पडतं ऑगस्टच्या अखेरीस. समजा, एखाद्या मुलानं दुसऱ्या वर्षात, २०२५च्या मार्चमध्ये अर्ज केला. तो नव्या विद्यापीठाच्या वसतिगृहात बॅगा उतरवेपर्यंत ज्या इंटर्नशिपसाठी हा सगळा खटाटोप केला, तिच्या बहुतेक जागा भरलेल्या असतात. ज्या कँपसवर बँका येतात म्हणून तो तिथे गेला, त्या बँका त्याच्या वर्गमित्रांना वसंतातच घेऊन गेलेल्या असतात. त्याला मिळतं ते पदवीवरचं नाव. जी भरती हवी होती, ती मिळत नाही.

भाच्याला मी हेच कागदावर दोन रेघा मारून दाखवलं. वरच्या रेघेवर बँकांच्या तारखा, खालच्या रेघेवर ट्रान्स्फरच्या. तो पहिल्या वर्षात असल्यानं त्याला अजून थोडी मोकळीक होती. सप्टेंबरात नव्या कॉलेजात, आणि डिसेंबर-जानेवारीत अर्ज उघडणार. मधे चार महिने. “चार महिने पुरतील की,” तो म्हणाला.

त्या चार महिन्यांत काय काय करायचं असतं, ते पाहा. हिरव्या रंगातल्या विद्यापीठांत विद्यार्थ्यांचे फायनान्स क्लब असतात. तिथे वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना व्हॅल्युएशन, म्हणजे कंपनीची किंमत काढणं, शिकवतात, सरावाच्या मुलाखती घेतात, बँकेतल्या माजी विद्यार्थ्यांशी गाठ घालून देतात. कँपसवरच्या भरतीचा निम्मा फायदा या क्लबांमधून येतो. पण त्या क्लबांतही निवड होते, आणि बहुतेक मुलं पहिल्याच वर्षी आत शिरलेली असतात. बाहेरून आलेल्यानं सप्टेंबरात ओळखी करायच्या, ऑक्टोबरात क्लबच्या मुलाखती द्यायच्या, नोव्हेंबरात परीक्षा, डिसेंबरात बँकांचे अर्ज. जुन्या ठिकाणी ज्या प्राध्यापकानं त्याला नावानं ओळखायला सुरुवात केली होती, तो आता पन्नास मैलांवर किंवा पाचशे मैलांवर.

आणि गुणांचं काय? ही गोष्ट पालकांना तर माहीत नसतेच, मुलांनाही अर्ज करून झाल्यावर कळते. बहुतेक विद्यापीठांत क्रेडिट, म्हणजे पुऱ्या केलेल्या विषयांची मोजणी, नव्या ठिकाणी जातात; जीपीए, म्हणजे चारपैकी मोजलेली गुणांची सरासरी, जात नाही. नव्या ठिकाणी पाटी कोरी होते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एका मुलीचा अर्ज आला होता. शिक्षणाच्या रकान्यात दोन विद्यापीठं. पहिल्यापुढे जीपीए ३.९, दुसऱ्यापुढे नुसती एक आडवी रेघ, कारण तिथलं पहिलं सेमिस्टर अजून संपायचं होतं. बाकी अर्ज नेटका. वडिलांच्या छोट्या दुकानाचे हिशेब ती शाळेपासून सांभाळत होती, हे तिनं एका ओळीत लिहिलं होतं. आमच्या गटातल्या एकानं सांगितलं, चालू विद्यापीठाचा जीपीए नसेल तर अर्ज बाजूला, सूचनापत्रकात तसं लिहिलंय. मी ३.९कडे बोट दाखवलं. “तो जुन्या कॉलेजचा,” उत्तर आलं. शेकडो अर्ज समोर होते, वेळ नव्हता, मी पुढचा उचलला. चांगल्या विद्यापीठात जाण्यासाठी त्या मुलीनं कष्ट घेतले, आणि त्यापायीच तिची सगळ्यात भक्कम बाजू कोरी झाली. मी तेव्हा जोर धरला नाही, याची मला आजही लाज वाटते.

क्रेडिट जातात म्हटलं खरं, पण सगळी जात नाहीत. अमेरिकन सरकारच्या जीएओ या लेखापरीक्षण कार्यालयानं २०१७मध्ये अहवाल दिला होता. २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया गेली, असा त्यात अंदाज आहे. त्यात नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी संस्थांपासून सगळे प्रकार आले. रटगर्समधून एनवाययूत जाणाऱ्याचं इतकं नुकसान होणार नाही. तरी अकाउंटिंगचा एखादा विषय ‘आमच्या अभ्यासक्रमाशी जुळत नाही’ म्हणून पुन्हा करावा लागणं नेहमीचं आहे. एक सेमिस्टर लांबलं की त्याचंही बिल येतं.

बिलाकडे आता यायलाच हवं. न्यू जर्सीच्या रहिवाशाला रटगर्सची वर्षाची फी २०२४-२५मध्ये साधारण १८ हजार डॉलर पडत होती. एनवाययूची नुसती शिकवणीची फी ६० हजारांच्या वर, मॅनहॅटनमधलं राहणं-खाणं वेगळं. फरक वर्षाला ४० हजारांहून अधिक. तीन वर्षांचे झाले किमान १ लाख २० हजार. मोठ्या बँकांत पहिल्या वर्षाच्या ॲनालिस्टचा मूळ पगार सध्या १ लाख १० हजारांच्या आसपास आहे, आणि तोही कर कापण्याआधीचा. बोनस असतो, पण तो बाजारावर आणि वरिष्ठांच्या मर्जीवर. थोडक्यात, नोकरी लागलीच तरी पहिल्या वर्षाचा अख्खा पगार आधीच देऊन झालेला. आणि नाही लागली तर?

गुणवत्तेच्या शिष्यवृत्त्या बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षी दाखल होणाऱ्यांसाठी राखलेल्या असतात. मधे आलेल्याला उरलंसुरलं मिळतं. पालकांच्या नावे मिळणाऱ्या सरकारी कर्जावरही १ जुलै २०२६पासून मर्यादा आली आहे: नव्या कर्जदारांना वर्षाला २० हजार आणि एका मुलामागे एकूण ६५ हजार डॉलर. वरचं सगळं खासगी कर्जातून किंवा घर गहाण टाकून. माझ्या बहिणीनं घराच्या किमतीवर कर्ज काढायची तयारी मनातल्या मनात केली होती, हे मला नंतर कळलं. मुलानं मागितलं आणि आपण नाही म्हटलं, ही बोच आपल्या पिढीला सोसवत नाही. पण पन्नाशीतल्या आईनं घरावर बोजा चढवावा, इतकं हे कारण मोठं नाही. बहिणीला मी हे तोंडावर सांगितलं.

पुण्या-मुंबईहून थेट पदवीला आलेल्या मुलांची गोष्ट आणखी अवघड. त्यांना सवलतीची फी नसते आणि आर्थिक मदत फार थोडी. पण त्यांच्याबाबत एक गोष्ट मात्र जरूर पाहावी. पदवीनंतर विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर एक वर्ष काम करता येतं. पदवी ‘स्टेम’ (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतली असेल तर आणखी दोन वर्षं, म्हणजे एकूण तीन. साध्या फायनान्सच्या पदवीला हा फायदा सहसा मिळत नाही, तर संख्यात्मक अर्थशास्त्राच्या नावानं नोंदलेल्या पदवीला मिळतो. कितीतरी विद्यापीठांनी आपली अर्थशास्त्राची पदवी त्या नावाखाली नेली आहे. पुष्कळदा त्याच विद्यापीठात विषय बदलून हे साधतं. विद्यापीठ बदलण्याच्या आधी, पदवी ज्या सरकारी कोडखाली नोंदली जाते तो कोड बदलता येतो का, हे इंटरनॅशनल ऑफिसात जाऊन विचारावं.

आता माझ्या विरुद्ध बाजूचा सगळ्यात बळकट पुरावा. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञांनी २०२३मध्ये एक मोठा अभ्यास मांडला. आयव्ही लीग या जुन्या, नामांकित खासगी विद्यापीठांच्या गटातली आठ आणि त्यांच्या तोडीची चार अशी बारा विद्यापीठं त्यांनी घेतली. प्रतीक्षायादीवरून ज्यांना प्रवेश मिळाला आणि ज्यांना थोडक्यात हुकला, अशा सारख्याच मुलांची तुलना केली. सरासरी कमाईत फारसा फरक पडला नाही. पण उत्पन्नाच्या सर्वांत वरच्या एक टक्क्यात पोहोचण्याची शक्यता दीडपटीच्या घरात वाढली, आणि नामांकित कंपनीत नोकरी लागण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट झाली. इन्व्हेस्टमेंट बँकिंग हे याच दुसऱ्या खणातलं काम. तेव्हा नावाला किंमत नाही असं मी म्हणणार नाही. नावाला किंमत आहे, आणि अर्ज चाळताना ती मी डोळ्यांनी पाहते.

पण तो अभ्यास पहिल्या वर्षापासून तिथे गेलेल्यांचा आहे. त्यांना क्लब, मैत्री, भरतीचे सगळे महिने मिळाले. शिवाय त्या बारा विद्यापीठांत मधून शिरायला वाट कुठे आहे? हार्वर्ड वर्षाला डझनभर ट्रान्स्फर घेतं. प्रिन्स्टननं १९९०पासून २०१८पर्यंत ते दार बंदच ठेवलं होतं. उघडलं तेव्हा माजी सैनिक आणि कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना प्राधान्य दिलं, आणि ते योग्यच केलं. कॉर्नेल दरवर्षी शेकडो मुलं घेतं, हा अपवाद. बाकी बदलणारा मुलगा प्रत्यक्षात जातो तो बहुधा बारांच्या बाहेरच्या, फी मात्र त्यांच्याइतकीच घेणाऱ्या विद्यापीठात. चेट्टींचे आकडे त्याला लागू करता येत नाहीत.

दुसरा अभ्यास जुना आहे. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२मध्ये दाखवलं, की सारख्याच कुवतीची आणि सारख्याच ठिकाणी अर्ज केलेली मुलं घेतली, तर नामवंत कॉलेजात गेल्यानं सरासरी कमाई वाढत नाही. गरीब घरच्या मुलांना मात्र त्याचा फायदा होतो. मला हे पटतं, कारण तसंच मी भोवती बघते. ज्याच्या घरी आईवडील दोघं इंजिनिअर, मावशी बँकेत, काका कुठल्याशा कंपनीत डायरेक्टर, त्याला ओळखी घरातच मिळालेल्या असतात. ज्याच्या घरात कुणी कधी ऑफिसची पायरी चढलेलं नाही, त्याला त्या ओळखी फक्त विद्यापीठ देऊ शकतं. आमच्या एडिसनमधल्या मिडलसेक्स कॉलेजात, म्हणजे कम्युनिटी कॉलेजात, शिकणारी आणि संध्याकाळी किराणा दुकानात गल्ल्यावर उभी राहणारी मुलगी माझ्या माहितीत आहे. तिनं जरूर बदलावं, जितकं वर जाता येईल तितकं वर जावं. न्यू जर्सीत २००८पासून राज्यव्यापी करार आहे. कम्युनिटी कॉलेजची पदवी पुरी केली की सरकारी विद्यापीठात तिची क्रेडिट धरली जातात. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ट्रान्स्फरनं ज्यांचं आयुष्य बदलेल ती मुलं विचारायला येत नाहीत. ज्यांचं त्यावाचून अडत नाही, ती रंगीत तक्ते करतात.

भाच्यासारख्या मुलांनी मग करायचं काय? आहे तिथे राहून खूप करता येतं. रटगर्सच्या बिझनेस स्कूलमध्ये ‘रोड टू वॉल स्ट्रीट’ नावाचा उपक्रम आहे. बँकांत काम करणारे माजी विद्यार्थी त्यात मार्गदर्शन करतात. भाच्याला त्याची माहिती नव्हती, कारण तो इतरांच्या विद्यापीठांचा अभ्यास करत होता. इंडियाना विद्यापीठ न्यूयॉर्कपासून कुठच्या कुठे, ब्लूमिंग्टनला. पण तिथल्या केली स्कूलच्या ‘इन्व्हेस्टमेंट बँकिंग वर्कशॉप’नं वर्षानुवर्षं मुलं वॉल स्ट्रीटला पाठवली. रटगर्सच्या गावी, न्यू ब्रन्सविकला, तर एनजे ट्रान्झिटची गाडी पकडली की तासाभरात न्यूयॉर्कचं पेन स्टेशन. महिन्यातून दोनदा त्या गाडीनं जावं, माजी विद्यार्थ्याला वीस मिनिटांची कॉफी मागावी, ऐकावं, परत आल्यावर आभाराचं पत्र लिहावं. जी मुलं नेटानं हे करतात, त्यांची नावं अर्ज यायच्या आधी आमच्या कानावर आलेली असतात.

शिवाय हे एकच दार नाही. छोट्या सल्लागार बँका उशिरापर्यंत मुलं घेतात. मोठ्या ऑडिट कंपन्यांच्या व्हॅल्युएशन विभागात दोन वर्षं काढून बँकेत जाता येतं. नंतर एमबीए करून ‘असोसिएट’, म्हणजे ॲनालिस्टच्या वरच्या पायरीवर, शिरण्याची वाट तर जुनीच. नागपूरचे विक्रम पंडित २००७ ते २०१२ सिटीग्रुप या बड्या अमेरिकन बँकेचे प्रमुख होते. आपल्याकडचे आईबाप त्यांचं कोलंबिया विद्यापीठ तेवढं लक्षात ठेवतात. त्यांनी तिथे आधी इंजिनिअरिंग केलं, आणि फायनान्समधली पीएचडी त्यांच्या हाती आली १९८६मध्ये. तेव्हा ते तिशीला टेकले होते. एकोणिसाव्या वर्षी आयुष्याचा निकाल लागत नाही.

आणि ज्यासाठी एवढा आटापिटा, ते काम तरी कसं आहे? २०२१मध्ये गोल्डमन सॅक्स या बड्या बँकेच्या तेरा नव्या ॲनालिस्टांनी आपापसात केलेली पाहणी बाहेर आली. आठवड्याला सरासरी ९५ तास काम, रात्रीची झोप पाच तास. २०२४मध्ये जेपी मॉर्गननं कनिष्ठांसाठी ८० तासांची मर्यादा घातली, आणि ती बातमी सुधारणा म्हणून छापून आली. काम वाईट आहे असं नाही. दोन वर्षांत जे शिकायला मिळतं, ते दुसरीकडे पाच वर्षांत मिळत नाही. पण हे काम प्रत्यक्ष कसं असतं ते एका उन्हाळ्याइतकंही न पाहता त्यासाठी घर गहाण टाकणं मला पटत नाही.

इतका वेळ मुलांशी आणि पालकांशी बोलले. पण चूक त्यांची नाही. चूक बँकांची आहे.

दुसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात भरती सुरू केल्यावर बँकेला कळतं तरी काय? त्या मुलानं कॉर्पोरेट फायनान्सचा पहिला विषयसुद्धा अजून केलेला नसतो. कळतं ते एवढंच, की या मुलाला घरून आधीच सगळं सांगितलेलं होतं की नाही. कम्युनिटी कॉलेजातून तिसऱ्या वर्षात येणारी मुलं तर या वेळापत्रकात पूर्णपणे कापली जातात. ती मोठ्या विद्यापीठात दाखल होतात तोवर यादी बंद. गोल्डमन सॅक्सनं २०१६मध्ये कँपसवरच्या पहिल्या फेरीऐवजी व्हिडिओ मुलाखती सुरू केल्या. कुठल्याही कॉलेजातल्या मुलाला संधी मिळावी, हा हेतू सांगितला गेला. चांगला हेतू होता. पण २०२४च्या उन्हाळ्यासाठी त्यांच्याकडे ३ लाख १५ हजारांहून जास्त अर्ज आले आणि घेतले गेले सुमारे २,७००. इतक्या गर्दीत वाचणारा माणूस पुन्हा नावाकडेच वळतो. मी वळले आहे.

आणि लवकर भरतीनं काय नुकसान होतं, हे बँकांना पक्कं ठाऊक आहे. त्यांचेच ॲनालिस्ट नोकरीत रुळायच्या आत प्रायव्हेट इक्विटी कंपन्या, म्हणजे दुसऱ्या कंपन्या विकत घेऊन नफ्यानं विकणाऱ्या, त्यांना दोन वर्षांनंतरच्या नोकरीसाठी पटवून ठेवत होत्या. जेपी मॉर्गनचे प्रमुख जेमी डायमन यांनी २०२४मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठात विद्यार्थ्यांसमोर ही पद्धत अनैतिक असल्याचं सांगितलं. २०२५च्या जूनमध्ये जेपी मॉर्गननं नव्या ॲनालिस्टांना कळवलं, की पहिल्या अठरा महिन्यांत पुढची नोकरी पक्की केलीत तर इथली जाईल. लगोलग अपोलो या प्रायव्हेट इक्विटी कंपनीनं त्या वर्षीची लवकरची भरती थांबवली. एका बँकेनं ठामपणे सांगितलं, आणि वर्षानुवर्षं अलीकडे सरकणारी तारीख थांबली. बावीस वर्षांच्या ॲनालिस्टाला आधी काम शिकू द्या, मग त्याला उचला, असं बँका म्हणतात ते बरोबरच आहे. मग एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्यालाही आधी दोन वर्षं शिकू द्यावं. तिसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरच्या आधी मुलाखती घेणार नाही, असं दोन-तीन मोठ्या बँकांनी जाहीर केलं, तर बाकीच्यांना मागे यावं लागेल. ट्रान्स्फर घेतलेल्या मुलालाही तेव्हा त्याच्या वर्गमित्रांच्या बरोबरीनं उभं राहता येईल. विद्यापीठांनीही आपल्या करिअर सेंटरमधून हे मागावं. कँपसवर यायची परवानगी त्यांच्याच हातात आहे.

बँकांत आपली मराठी माणसं थोडीथोडकी नाहीत. तंत्रज्ञानात, जोखीम विभागात, ऑपरेशन्समध्ये, आणि हल्ली सौदे ठरवणाऱ्या मजल्यावरही. अर्ज वाचायला आपल्यालाही बसवतात. तिथे बोलता येतं.

भाच्यानं १ एप्रिलला अर्ज टाकला नाही. पटलं म्हणून की वेळ उरला नाही म्हणून, हे मी त्याला विचारलेलं नाही. दुकानातल्या त्या मुलीला मी मिडलसेक्सच्या ट्रान्स्फर सल्लागाराचा पत्ता लिहून दिलाय. आमच्या गटाची पुढची बैठक सप्टेंबरात आहे. अर्जदार नुकताच दुसऱ्या विद्यापीठातून आलेला असेल तर जुन्या ठिकाणचा जीपीए ग्राह्य धरावा, ही एक ओळ सूचनापत्रकात घालावी, असं मी या वेळी लेखी दिलं आहे.